मदत हवी आहे: माझा ऑनलाइन कौल खरा ठरला, तरी सर मानत नाहीत

बागेतला: टीवायला आहे, रत्नागिरी. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय. २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी व्हॉट्सॲपवर पोल घेतला होता. २१२ जणांनी भाग घेतला, ट्रम्पना १५१, म्हणजे ७१ टक्के. तेच निवडून आले. सर म्हणतात, यावरून काही सिद्ध होत नाही. कुठलं सूत्र लावू? लवकर सांगा.

खाडीपल्याड: कुठल्या ग्रुपवर घेतलास?

बागेतला: आमच्या आंबा बागायतदारांच्या. त्याने काय फरक पडतो?

देवगडकर: माका एक सांग, त्या ग्रुपात अमेरिकेचे मतदार किती आसत?

बागेतला: एकही नाही. पण निकाल बरोबर आला ना!

गणिताचे_मास्तर: कुठे बरोबर आला? ट्रम्पना ४९.८ टक्के मतं पडली, हॅरिसना ४८.३. तू २१ टक्क्यांनी चुकलास. दोनातलं एक नाव छापा-काटा करूनही बरोबर येतं. हॅरिसना तुझ्याकडे किती?

बागेतला: ८३.

गणिताचे_मास्तर: १५१ आणि ८३ झाले २३४. माणसं २१२. एकापेक्षा जास्त उत्तरं द्यायची सोय तू बंद केली नव्हतीस, २२ जणांनी दोन्हीकडे टिचकी मारली.

जेटीवरचा: एवढं कशाला ताणताय? मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात एक टोपली बघूनच भाव ठरतो. २१२ पुष्कळ झाले.

गणिताचे_मास्तर: टोपली तुम्ही निवडलीत तर ठीक. विकणाऱ्याने पुढे केलेल्या टोपलीवर भाव लावाल का? ऑनलाइन कौलात मत देणारा स्वतःहून पुढे येतो, गोम तिथेच आहे. आकड्याने ती जात नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. जनमत कौल घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट सांगितले होते.

जेटीवरचा: आणि १९४८ ला गॅलपच आपटले. ट्रुमन जिंकले, त्यांनी ड्यूई सांगितले होते. ते नाही सांगत कोणी.

नाना_गुहागर: मुळात राष्ट्रपती निवडायला आपल्याला मतच नसतं. खासदार-आमदार मत देतात. २०२२ ला महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं.

खाडीपल्याड: नाना, तो अमेरिकेचं विचारतोय.

आकडेमोड: असा कौल अगदीच टाकाऊ नसतो. २०१२ ला एक्सबॉक्स या गेमिंग यंत्रावर ओबामा-रॉम्नी कौल घेतला, खेळणारे बहुतेक तरुण पुरुष. तरी संशोधकांनी वय, लिंग, शिक्षण, राज्य, आधीचं मत यावरून भारांकन करून, म्हणजे कमी आलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, चांगला अंदाज काढला. तूही भारांकन कर.

गणिताचे_मास्तर: कशाला भार देणार? अमेरिकन मतदारच नाहीत त्यात. पोरगं नाहक रात्रभर बसेल.

देवगडकर: बागायतदार म्हणालास, यंदा तुडतुड्याक काय मारताहास? मोहोर काळो पडता हा.

बागेतला: काका, ते नंतर. मास्तर, पोल अजून ग्रुपवर आहे, कोणी कुठे टिचकी मारली ते नावासकट दिसतंय. २२ जण खरंच दोन्हीकडे आहेत, त्यात माझे बाबाही. शीर्षक ‘आमच्या ग्रुपचा कौल का चुकला’ असं केलं तर सर घेतील का?

गणिताचे_मास्तर: घेतील. नावं मात्र छापू नकोस. आणि त्या २२ जणांना उद्या फोन कर, दोन्हीकडे का टिचकी मारली ते विचार.