फोक्सवॅगनच्या चिन्हातली फट आधीपासून होती का?

कटरवाला:
मी अठरा वर्षं व्हायनिल स्टिकर कापतोय, म्हणजे लोगो हाच माझा धंदा. परवा फोक्सवॅगनचं चिन्ह फाइल न उघडता नुसतं आठवून काढलं. वर व्ही, खाली डब्ल्यू, दोन्ही एकमेकांना चिकटलेले. कापून झालं, नको तो भाग सोलून झाला, तेव्हा आमचा पोऱ्या म्हणतो, "दादा, मधे फट असते." मी त्याला वेड्यात काढलं. मग मूळ फाइल उघडली, तर व्हीचं टोक आणि डब्ल्यूचं मधलं शिखर यांच्यात चक्क फट!
आमच्याकडच्या आणखी दोघांनाही जोडलेलंच आठवतंय. कंपनीने गुपचूप बदललं का? चूक असेल तर तिघांची अगदी एकसारखी कशी?

अर्धवट_आठवण:
2019 साली बदल झाला, पण तो वेगळा. चिन्ह सपाट केलं, रेषा बारीक केल्या, डब्ल्यू खालून वर्तुळापासून सुटा केला. फट त्याआधीही होतीच.
एकसारख्या चुकीबद्दल शिकागो विद्यापीठातल्या दोघींनी 2022 साली प्रयोग छापलाय. 40 चित्रं, 100 माणसं, प्रत्येक चित्राची एक खरी आणि दोन खोटी आवृत्ती. सात चित्रांच्या बाबतीत लोक ठरावीक एकाच खोटीवर बोट ठेवत होते. त्यात तुमचं फोक्सवॅगन आहे आणि पोकेमॉन कार्टूनमधला पिवळा पिकाचूही (शेपटीचं टोक काळं नसतं, बुडाशी तपकिरी असतं).

कटरवाला:
पिकाचूचं टोक काळं नाही? कान काळे, मग शेपटी... बरं, गप्प बसतो.
पण फट मला पटते. हाताला रेघ पुरी करायची खोड असते, दोन टोकं समोरासमोर आली की मन सांधून टाकतं.

पिवळी_पेन्सिल:
फोक्सवॅगनपुरतं ठीक. पण फ्रूट ऑफ द लूम या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीच्या चिन्हाचं काय? फळांमागे शिंगाच्या आकाराची टोपली होती असं लोक छातीठोक सांगतात, कंपनी म्हणते कधीच नव्हती. त्याच प्रयोगात एका खोट्या चित्रात फळं ताटलीत होती. रोज बघतो आपण ताटली, तरी लोकांनी निवडलं शिंगच. सवयीने मन रिकामी जागा भरतं म्हणावं, तर ताटली यायला हवी होती.
आणि रोज बघून चिन्ह पाठ होतं हा भ्रम सोडा. 2015 च्या एका अभ्यासात 85 विद्यार्थ्यांना अ‍ॅपलचं चिन्ह आठवून काढायला सांगितलं. बिनचूक काढणारा निघाला एक.

कटरवाला:
हे वाचून पोऱ्याच्या हातात पेन्सिल दिली, म्हटलं काढ अ‍ॅपल. फटीपासून फार ताठ चालत होता. पान नीट काढलं, घास मात्र डावीकडून घेतला. कागद कटरवर चिकटवून ठेवलाय.