मदत हवी आहे: वडिलांना कॅन्सरच्या संशोधनात सामील करावं का? सोमवारपर्यंत कळवायचं आहे

तेरणाकाठ

एरवी मी इथं नुसती वाचते, फार तर पाककृतीच्या धाग्यावर एखादा प्रतिसाद. आज अडले आहे म्हणून लिहितेय. थोडं लांबेल.

अण्णा, माझे वडील, वय ६१. कळंब तालुक्यात सात एकर कोरडवाहू. गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. कारण शोधायला लांब जायला नको, तीस वर्षं बंडीच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी. सुरुवातीला एका खाजगी दवाखान्यात तीन महिने ‘तोंड आलंय’ म्हणून मलम आणि बी कॉम्प्लेक्सवर गेले. तुकडा तपासायला पाठवावा असं कुणाला सुचलं नाही, आम्हालाही नाही. मग ऑपरेशन, मग शेकाचे (रेडिएशनचे) ३० दिवस. दिवाळीला बरे होते. संक्रांतीनंतर मानेत गाठ आली आणि स्कॅनमध्ये फुप्फुसातही डाग दिसले. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आता मुळासकट जाणार नाही, जमेल तितके दिवस आवरून धरायचं.

परवा मुंबईला तिथल्या डॉक्टर मॅडमनी बसवून एका अभ्यासाबद्दल सांगितलं. दोन गट. एकाला नेहमीच्या गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि वर दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं इंजेक्शन, कमी मात्रेत. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. फॉर्म १८ पानी. मराठीत आहे, पण कसलं मराठी! ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’ (म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं) इथं मी दोनदा अडखळले, आणि मी एमए मराठी आहे. घरी न्या, वाचा, सोमवारपर्यंत सांगा, म्हणाल्या.

अण्णांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. कण्यांची पातळ पेज नळीनं ओढतात. त्यांचं बोललेलं फक्त आईला कळतं, म्हणून आम्ही वही ठेवलीय. परतीच्या गाडीत त्यांनी वहीत लिहिलं, ‘माझ्यावर उंदरावानी प्रयोग करायलेत का?’ मी काही म्हणायच्या आत वही परत ओढून खाली दुसरी ओळ: ‘चिठ्ठी कोण काढणार?’

दुसऱ्या ओळीचा खुलासा करते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलला निघते तेव्हा बरणीत चिठ्ठ्या टाकतात आणि काढायला शाळेतलं एखादं लेकरू आणतात. अण्णांचा लेकरावर विश्वास आहे. बरणी हलवणाऱ्यावर नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, नवीन औषध मिळतंय तर घ्या. काका म्हणतात, सही केली की माणूस बांधला गेला. आई म्हणते, ‘आपल्या गावात नव्हत्या का बार्शीच्या बाया आल्या तपासायला? मी गेले होते. काय झालं मला?’ ते कशाबद्दल बोलतेय हेही मला धड ठाऊक नाही.

माझा प्रश्न एवढाच: चिठ्ठी साध्या गोळ्यांची निघाली तर आम्ही हरलो का? आणि सही करण्याआधी त्या १८ पानांत नेमकं काय शोधू?

गोदाकाठ

ताई, या इंग्रजी औषधांच्या नादी लागू नका. आमच्या पाहुण्यांतल्या एकांना हळद आणि एका पाल्याच्या काढ्यानं फरक पडला. वैद्यांचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

बार्शीलाईट

गोदाकाठ, पत्ता ठेवा तुमच्याकडे. तेरणाकाठ, अण्णा काही काढा घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. गोळ्यांसोबत काही काढे यकृताला जड जातात.

आता तुमच्या आईंच्या ‘बार्शीच्या बायां’बद्दल. माझी आत्या त्या कामात होती, म्हणून मला हे घरातल्या गोष्टीसारखं माहीत आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कुठल्या गटाला काय हे तिथंही चिठ्ठीसारखंच ठरलं. काही गावांना एचपीव्ही या विषाणूची चाचणी (हा कॅन्सर त्याच्यामुळंच होतो), काहींना पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन तपासणं, काहींना व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती, तपासणी हवी असेल तर कुठं मिळेल एवढं.

आठ वर्षांनी आकडे बाहेर आले, २००९ साली. एचपीव्हीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८, त्यातल्या ६४. एकदाच केलेल्या चाचणीनं मरणं जवळपास निम्मी झाली. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत तसा ठळक फरक दिसला नाही, आणि व्हिनेगर स्वस्त म्हणून सगळ्यांची आशा त्याच्यावर होती. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीच आधी करा म्हणते. त्यामागं कळंब-भूमच्या बायाही आहेत, हे तिथल्या कुणाच्या गावी नसतं.

पण त्या चौथ्या गटावरून पुढं बरीच टीका झाली. तपासणी चालते असं वाटत असताना काही गावांना ती न देणं बरोबर होतं का? करणाऱ्यांचं म्हणणं, तेव्हा या भागात तपासणी नावालाही नव्हती, म्हणजे चौथ्या गटाचं आधीचं काही काढून घेतलं नाही. माझी आत्या या प्रश्नावर आजही गप्प बसते.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या फॉर्ममध्येही पहिलं तेच पाहा. इंजेक्शन नसलेल्या गटाला काय मिळणार?

तेरणाकाठ

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग तुझ्या मावशीच्या गावात जीप आलीच नव्हती ती यामुळं.’ आणि उठून चुलीकडं गेली.

कागदपत्री

मी नांदेडची. सहा वर्षं अशाच अभ्यासांत समन्वयक होते, रुग्णांना ते फॉर्म समजावून सांगायचं काम माझंच. ‘यादृच्छिक’ या शब्दाबद्दल अख्ख्या जमातीच्या वतीनं माफी मागते.

आधी अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीची कल्पना उंदरांच्या पायरीवर नाही, ती पुढं आलेली आहे. टाटामध्ये असाच अभ्यास झाला, १५१ रुग्ण, बरे होण्याच्या पलीकडं गेलेले. अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या, बाकीच्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, २० मिलिग्रॅम. एरवी याची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते आणि खर्च आपल्या घरांच्या आवाक्याबाहेर. वर्षानं नुसत्या गोळ्यांच्या गटात शंभरात १६ जण हयात होते, इंजेक्शनच्या गटात ४३. पण उरलेला आकडाही बघा. नुसत्या गोळ्यांवर अर्धे रुग्ण ६.७ महिन्यांच्या आत गेले, इंजेक्शनसह १०.१ महिन्यांच्या आत. भावाला हे सांगा. नवीन औषध म्हणजे संजीवनी नव्हे.

आणि गोळ्यांचा गट म्हणजे हरलेला गट नव्हे. मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबच्या गोळ्या हे आपल्याकडं अभ्यासातूनच पुढं आलेलं औषध आहे. ४२२ रुग्णांत सिस्प्लॅटिन या केमोच्या सलाइनशी तुलना झाली आणि गोळ्या मागं पडल्या नाहीत, उलट थोड्या पुढंच राहिल्या. मात्र तुमच्या फॉर्ममधल्या ‘नेहमीच्या गोळ्या’ म्हणजे कुठल्या ते नावानिशी विचारा. अभ्यासात नसतो तर याच गोळ्या दिल्या असत्या का, असं सरळ विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तुमचं काही गेलं नाही.

चिठ्ठी कोण काढतं? मॅडम नाही काढत. त्यांनी तुमचं नाव संगणकात टाकल्यावर गट समोर येतो, तोवर त्यांनाही माहीत नसतं. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर डॉक्टर ओळखीच्या किंवा जरा धडधाकट रुग्णाला नव्या गटात ढकलतील आणि अभ्यासच फसेल. अण्णांना सांगा, बरणी हलवणारा आणि चिठ्ठी काढणारं लेकरू, दोन्ही तो संगणकच.

काकांसाठी: बांधले जात नाही. कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता, आणि त्याच दवाखान्यातले नेहमीचे उपचार चालू राहतात. हे वाक्य फॉर्ममध्ये असतंच. अभ्यासामुळं काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार तेही लिहिलेलं हवं. शेवटच्या पानांवर नैतिक समितीचा फोन असतो, तो डॉक्टरांचा नसतो. तक्रार तिकडं करायची. सही केलेली एक प्रत तुमच्या हातात पडली पाहिजे, ती न घेता उठू नका. अभ्यासाचा सीटीआरआय नंबर पाहून भारतीय चाचण्यांच्या नोंदणीच्या वेबसाइटवर टाका. २००९पासून ही नोंदणी सक्तीची आहे. नंबर सापडला नाही तर मॅडमना विचारा.

पैशाचं फार जण विचारत नाहीत आणि तिथंच फसतात. इंजेक्शन फुकट असेल, पण जादा स्कॅन, रक्त, येणंजाणं? महात्मा फुले योजनेत काय बसतं, अभ्यासाकडून काय मिळतं, खिशातून काय, हे एका कागदावर लिहून घ्या.

तुकडा आणि रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवू का, असाही एक चौकोन असतो. त्याला ‘नाही’ म्हटलं तरी बहुतेकदा अभ्यासात राहता येतं.

शेवटचं, आणि हे कळंबच्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब लागले, दम लागला किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर गावातल्या डॉक्टरकडून सलाइन लावून मोकळं होऊ नका. ते जुलाब औषधानं आतड्याला आलेल्या सुजेचे असू शकतात, त्याला वेगळं औषध लागतं. त्याच दिवशी मुंबईला फोन.

लातूरची_लेक

आमची चिठ्ठी साध्या गटाची निघाली होती. अभ्यास वेगळा, आईला स्तनाचा कॅन्सर होता. दोन दिवस मी रडले, मग लक्षात आलं की दर आठवड्याला एका सिस्टरचा फोन येतोय, ‘आजी, जेवण जातंय का?’ एवढं कुणी आधी विचारलं नव्हतं. पाच महिन्यांनी प्रवास झेपेना म्हणून आम्ही बाहेर पडलो. कुणी एक शब्द बोललं नाही, पुढच्या तपासण्या तशाच झाल्या.

लातूर-मुंबई गाडी धाराशिवला थांबते, रात्री बसलं की सकाळी दादर. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट रेल्वेत माफ असतं, सोबतच्यालाही बरीच सूट. दवाखान्यातून फॉर्मवर सही-शिक्का मात्र आधी घ्या. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा विचारून ठेवा, जागेसाठी थांबावं लागतं.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार, कागदपत्री, तुमचे विशेष. उशिरा लिहितेय, आम्ही कालच आलो.

तुमच्या सगळ्या ओळी मी वहीत उतरवल्या आणि अण्णांनीच त्या मॅडमपुढं सरकवल्या, एकेक. नेहमीच्या गोळ्या म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच, अभ्यासात नसते तरी त्याच दिल्या असत्या, असं त्यांनी वहीतच लिहून खाली सही केली. नंबर वेबसाइटवर सापडला. जादा स्कॅन अभ्यासाच्या खर्चात, प्रवास आमचा. काकांना हे फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘प्रत घेतली का?’ घेतली.

तुकडा ठेवण्याच्या चौकोनाशी आल्यावर अण्णांनी लिहिलं, ‘ठिवा. मला काय करायचाय आता.’ मॅडम हसल्या, मग आम्हीही.

चिठ्ठी साध्या गोळ्यांची निघाली. अण्णांनी संगणकाकडं बघून मान हलवली, आमच्या गावची सोडत बघून येतात तेव्हा हलवतात तशीच.

आता पुढची तारीख तीन आठवड्यांनी. सवलतीच्या तिकिटावर खालचा बर्थ मागून घेता येतो का? वर चढणं त्यांना जमत नाही आणि परवा टीसीनं ऐकलं नाही.