शब्दचर्चा: ‘पर-सीपीयू अलोकेशन’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न: कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. मराठी टिपणांत ‘प्रतिप्रोसेसर मेमरी वाटप’ असं लिहिलंय. चालेल का?

उत्तर: सर, ‘प्रति’ म्हटलं की दर आठवतो, प्रतिटन किंवा प्रतिएकर. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दराचा संबंध नाही. पर-सीपीयू अलोकेशनमध्ये एकाच व्हेरिएबलची प्रत्येक प्रोसेसरकडे स्वतःची प्रत असते. त्यासाठी ‘निहाय’ आहे की! पावसाळ्यात आपण तालुकानिहाय पाऊस बघतो, गगनबावड्याचा वेगळा, शिरोळचा वेगळा. तसं ‘प्रोसेसरनिहाय’ लिहा.

खरी अडचण ‘वाटप’ची आहे. वाटप म्हणजे असलेलं विभागून देणं. मुलं समजतात, रॅमचे तुकडे करून प्रोसेसरांना दिले. इथं काहीच विभागलं जात नाही. लिनक्समध्ये ८ बाइटचा पर-सीपीयू काउंटर मागा. ६४ प्रोसेसर असतील तर प्रत्येकासाठी पुरे ८, म्हणजे ५१२ बाइट लागतात. त्यातही सध्या बंद असलेला, पण पुढे चालू होऊ शकणारा प्रोसेसर धरलेला असतो.

एवढी जागा घालवायची कशाला? सगळे एकच काउंटर वाढवू लागले, तर तो ज्या कॅश लाइनमध्ये आहे ती (मेमरीतून कॅशमध्ये एकदम आणला जाणारा तुकडा, इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरांवर ६४ बाइटचा) या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहते आणि त्यातच वेळ जातो. आपापली प्रत असली की लॉकही (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) लागत नाही.

दुसरं मत: ‘वाटप’ रूढ झालंय. मलॉकलाही (सी भाषेत मेमरी मागायचं फंक्शन) तेच म्हणतो. उगाच कशाला मोडायचं?

उत्तर: मलॉकला खुशाल म्हणा, तिथं एका साठ्यातून तुकडा मिळतो. इथं मात्र ‘प्रोसेसरनिहाय जागा राखणे’ बरं. २००९ मध्ये कर्नल डेव्हलपर तेजुन हिओ यांनी लिनक्समध्ये आणलेला अलोकेटर (मेमरी देणारा कोड) तेच करतो. मेमरीचा मोठा तुकडा (चंक) घेतो, त्यात प्रत्येक प्रोसेसरचं एक युनिट ठेवतो आणि सगळ्या युनिटांत त्याच अंतरावर जागा धरतो. म्हणून पत्ता काढायला प्रोसेसरचा ऑफसेट (त्याच्या युनिटापर्यंतचं अंतर) मिळवला की झालं.

प्रश्न: मग काउंटरच्या एका प्रोसेसरकडच्या प्रतीत उणे आकडा कसा येतो?

उत्तर: प्रोसेसनं, म्हणजे चालू प्रोग्रॅमनं, एका प्रोसेसरवर काउंटर एकनं वाढवला, मग शेड्युलरनं (कोणती प्रोसेस कुठं चालवायची ते ठरवणारा कर्नलचा भाग) तिला दुसऱ्यावर नेलं आणि तिथं तिनं तो एकनं कमी केला. पहिल्याकडे अधिक एक, दुसऱ्याकडे उणे एक, बेरीज शून्य. खरा आकडा बेरजेचा. हे उदाहरण फळ्यावर मांडाच, सर.