'तुंबाड'मधली भीती कोकणची आहे का? (शेवट उघड केला आहे)

चिरेखाण

'तुंबाड' हा भीतीपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा मात्र लोकांनी गर्दी केली. तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य ठरून गेलं आहे: "कोकण दाखवावं तर असं." मला ते अर्धंच पटतं. वातावरण जबरदस्त आहे, पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याबद्दल वादच नाही. पण ज्याला आपण कोकणातली भीती म्हणतो, ती यात फारशी नाही.

पहिलं, घर. सिनेमातला वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. बुरुज, उंच तट, भलाथोरला दरवाजा, सगळा देशावरचा थाट. कोकणातलं जुनं घर घाबरवतं ते ठेंगणेपणाने. वळचण इतकी खाली की वाकून पडवीत शिरायचं. माजघराला खिडकी असलीच तर हातभर. दिवसा उजेड येतो तो छपरात बसवलेल्या एखाद्या काचेच्या कौलातून, जमिनीवर चौकोनी तुकडा पडतो. मळभ आलं की तो तुकडा विझतो आणि भर दुपारी समोरच्याचं तोंड दिसत नाही. भीतीपटाला याहून आयतं साधन कुठलं हवं? ते वापरलेलंच नाही.

दुसरं, कणीक. १९१८ च्या कोकणात घराघरात तांदूळ नि नाचणी. हस्तर या भुकेल्या देवाला आमिष म्हणून न्यायच्या बाहुल्या गव्हाच्या कशा?

तिसरं, शेवट. विहिरीखालच्या देवीच्या गर्भात एकाचे अनेक हस्तर होतात तिथे भीती संपते आणि झटापट सुरू होते.

रातकिडा

घराबद्दल अर्धवट बरोबर. आजीला जिथे कोंडून ठेवलंय ते घर वाड्यापासून वेगळं आहे. पहिल्या भागातला सगळा थरार त्या लहान घरातच आहे: आई 'सरकार'च्या, म्हणजे मालकाच्या, वाड्यावर, घरात दोन पोरं आणि बंद दार. आजीला जेवायला घालायची पाळी त्यातल्या विनायकावर, म्हणजे नायकावर, येते, तिथे ना उंच तट आहे ना बुरुज. बंद दाराआडचं म्हातारं माणूस, त्याला वेळेवर खायला घालण्याची सक्ती आणि आई कधी परत येईल याचा पत्ता नाही, यापेक्षा कोकणी काय असतं? नारायण धारपांच्या कथेवरून दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना हे सुचलं म्हणतात, ते त्या भागात जाणवतं.

शिवाय खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्यांची, चौसोपी घरं कोकणातही होतीच. सरकारचा वाडा मोठा असणं चूक नाही.

चिरेखाण

चौसोपी होती, तट-बुरुजांची नव्हेत. चौकात पाऊस पडतो आणि चारी सोप्यांतली माणसं एकमेकांना धारांमधून बघतात, हे कोकणी चौसोपीचं वैशिष्ट्य. पण आजीच्या घराचा मुद्दा मान्य. तो भाग मलाही सर्वांत धारदार वाटतो.

उजेडवाला

वाडाच का, याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. पाऊस पडद्यावर आपोआप दिसत नाही. थेंबावर समोरून उजेड आला की तो पारदर्शक राहतो, धारा गायब होतात आणि चित्र नुसतं धुरकट दिसतं. मोबाइलवर काढलेल्या पावसाच्या व्हिडिओत हेच होतं. थेंब चमकायला दोन गोष्टी एकत्र लागतात: उजेड मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून तिरपा, आणि थेंबाच्या पाठीशी काहीतरी काळं. उंच काळी भिंत, दरवाजाच्या कमानीतला काळोख, हे दोन्ही वाड्यात फुकट मिळतं. ठेंगण्या घराच्या अंगणात कॅमेरा लावला की मागे येतं पांढरं आभाळ. पांढऱ्यावर पांढरी धार दिसायची कशी?

खऱ्या पावसाचा आणखी एक त्रास. तो मधेच थांबतो. एका प्रसंगात पहिला शॉट मुसळधार आणि दुसरा कोरडा चालत नाही, मग टँकर आणून नळ्यांनी पाऊस पाडावा लागतो. त्या पावसाचे थेंब मोठे असतात, खऱ्यात मिसळले तर तज्ज्ञ डोळ्याला फरक कळतो. 'तुंबाड'चं चित्रीकरण कित्येक पावसाळे चाललं, ते भिंतींच्या शेवाळात दिसतं. शेवाळ रंगवून आणता येतं, पण दगडांच्या फटीफटींत उगवलेलं शेवाळ रंगवून येत नाही.

चिरेखाण

पडवीतून बाहेर बघा की! पागोळ्यांना वरून आभाळाचा उजेड आणि पलीकडे फणसाखालचा काळोख. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. मंगलोरी कौलाला एकेका खाचेतून एकेक धार पडते, ओळीने. त्या पडद्यामागे कोणी उभं आहे का हे शोधायला डोळे ताणावे लागतात. उंच वाडा लागत नाही, खालून बघणारा कॅमेरा लागतो.

उजेडवाला

ही जागा खरंच चांगली आहे. अडचण एवढीच की आत कंदील आणि बाहेर आभाळ यांच्या उजेडात फार अंतर पडतं. आतला चेहरा धरला तर बाहेर सगळं पांढरं होतं, बाहेर धरलं तर आतलं माणूस काळं ठिक्कर. संध्याकाळच्या अगदी थोड्या वेळात दोन्ही जुळतं, रोज तेवढंच चित्रीकरण. खर्च परवडायला हवा.

आगोट

माका ह्यां कायच पटूक नाय. पाऊस दाखवलो म्हणान कोकण होणा नाय, आणि वाडो देशावरचो म्हणान कोकण जाणा पण नाय!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आपल्याकडे अदृश्य शक्तीशी माणसाचं नातं व्यवहाराचं असतं. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या शक्तीला, वर्षाची राखण द्यायची, देवळात गाऱ्हाणं घालायचं, कौल लावून देवाचं मत विचारायचं. आरवली गावच्या वेतोबा या देवाला केळी आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या सीमेवर फिरतो ही श्रद्धा. देणं चुकलं तर कोप, दिलं तर रक्षण. 'तुंबाड'ने हे उलटं केलं: हस्तर असा देव की ज्याची पूजाच करायची नाही, ज्याला सोनं मिळालं पण अन्न मिळालं नाही. पिठाची बाहुली म्हणजे त्याला दाखवलेला नैवेद्य नव्हे, आमिष. राखण देणाऱ्या माणसाला हे पाहून पोटात गोळा येतो, कारण नियम माहीत असूनच विनायक देवाला फसवतो. ही भीती मला पूर्ण कोकणची वाटते. घराची कौलं मोजत बसलात तर ती हुकेल.

पडवी

आगोट, वेतोबा आणि हस्तर एका ओळीत नका बसवू. वेतोबा लोकांचा, हस्तर लेखकांनी रचलेला. पण व्यवहाराचा मुद्दा घेतला तर एक मोठी गोष्ट सिनेमाने सोडली, ती खोती. कोकणात लोभ विहिरीत उतरून मिळणाऱ्या सोन्याच्या मुद्रांचा नव्हता, कुळाच्या खळ्यावरून उचललेल्या भाताचा होता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ मध्ये. सिनेमाचे तिन्ही टप्पे, १९१८, १९३३ आणि १९४७, याच काळातले. धान्याची भूक असलेला देव आणि धान्य हिरावून घेणारी व्यवस्था एकाच गावात, तरी कुळं पडद्यावर जवळपास नाहीतच. भुकेचा देव कोणाच्या भुकेतून जन्मला असता, हा प्रश्न तिथेच पडलेला होता, कोणी उचलला नाही.

रातकिडा

मान्य, पण १०४ मिनिटांत हे सगळं आलं असतं तर बाप-लेकाची गोष्ट पातळ झाली असती. विनायक पांडुरंगला बाहुली करायला आणि हस्तरपासून वाचवणाऱ्या पिठाच्या रिंगणात बसायला शिकवतो, धंदा शिकवावा तितक्या कोरडेपणाने, ते मला हस्तरहून भयंकर वाटतं.

उकड

कणकेच्या प्रश्नावर थोडं. तांदळाच्या कोरड्या पिठाला चिकटपणा नसतो. गार पाण्यात मळून बाहुली केली तर हातपाय गळून पडतील. मोदकासारखी उकड काढावी लागेल: वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, उकळी आली की पीठ वैरायचं, ढवळून झाकण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ, आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायचं. तीही ओल्या फडक्याखाली नसेल तर बाहुलीला भेगा. विहिरीत दोराने उतरणाऱ्याला ही कटकट परवडणार नाही. गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो, गार पाण्यात मळलं तरी आकार धरतं आणि तासन् तास टिकतं. आणि विनायक राहतो पुण्यात, तिथे गहू मिळतो. त्यामुळे ही चूक नाही.

चिरेखाण

हे उत्तर पटलं. कणकेचा आक्षेप मागे.

ध्वनिरेषा

"मोबाइलवर पाहिला, काही वाटलं नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी. या सिनेमाची अर्धी भीती खालच्या घुमाऱ्यात आहे आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. पाऊस नुसता सूं सूं ऐकू येतो. साधे हेडफोन लावलेत तरी फरक कळेल. टीव्हीवर बघत असाल तर 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. अंधारात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसले तर तो टीव्हीचा दोष नसेल, नेट मंद असल्याने चित्र दाबून येतं. शक्य असेल तर आधी डाउनलोड करून बघा. खोली काळोखी हवी, पण टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा, डोळे दमत नाहीत आणि काळा रंग जास्त काळा दिसतो.

आगोट

आणि शेवटाचं काय? त्यावर कोणीच बोललं नाही. अनेक बाहुल्या म्हणजे अनेक हस्तर, हा नियम सिनेमाने स्वतःच ठेवलेला आहे. लोभ वाढवला, धोका तेवढ्याच पटीने वाढला. झटापट म्हणून सोडून देऊ नका.

चिरेखाण

नियम बरोबर आहे, मांडणीवर आक्षेप आहे. एकटा हस्तर पहिल्यांदा येतो तेव्हा तो किती जवळ आहे हे कळत नाही, नजर फक्त रिंगणाच्या कडेवर असते. शेवटी सगळे हस्तर लाल उजेडात पूर्ण दिसतात, त्यांची चाल कळते, आणि चाल कळली की मी त्यांच्यापासून कसं वाचायचं याचा विचार करू लागतो, घाबरत नाही. विनायक बाहुल्या अंगाला बांधून घेतो तो क्षण मात्र भीतीचा नाही, दुःखाचा आहे, आणि तो उत्तम आहे.

ध्वनिरेषा

चिरेखाण, एक करून बघा. दोन्ही प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग चित्र न बघता नुसते ऐका. पहिल्यात आवाज काढला की भीती निम्मी होते. शेवटचा प्रसंग नुसता ऐकलात तर बघण्यापेक्षा जास्त अंगावर येतो. तुमचा आक्षेप चित्रावर आहे, प्रसंगावर नाही, असं माझं मत.