मिलिटरी पोलिसातल्या महिला जवानाला दत्तक बाळासाठी रजा : १८० दिवस कधीपासून धरतात?

रानजाई :
लान्स नायक, कोअर ऑफ मिलिटरी पोलीस. कारा म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडून रेफरल (बाळ सुचवल्याचा कागद) आलाय, बाळ सव्वानऊ महिन्यांचं. जन्म १२ मार्चचा. यजमान पोस्टात. युनिटमध्ये कुणी म्हणतं ही रजा फक्त महिला ऑफिसरांना, कुणी म्हणतं बाळ घरी आणलं की लगेच सुरू. खरं काय? आणि पगार?

जुनी_पलटण :
ताई, पहिलं म्हणणं शिळं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली, तेव्हापासून मातृत्व, बालसंगोपन आणि दत्तक या तिन्ही रजा शिपाई, नौसैनिक, हवाई योद्धा महिलांना ऑफिसरांच्या बरोबरीनं. दत्तकासाठी १८० दिवस, पूर्ण पगारी.

दुसऱ्या म्हणण्यात मात्र गोम आहे. नियमाचे शब्द ‘वैध दत्तकाच्या तारखेनंतर’ आणि ‘एक वर्षाखालील मूल’ असे आहेत. बाळ घरी येतं ते प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आदेशाआधीच्या तात्पुरत्या सांभाळात. दत्तक वैध होतं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं. (१ सप्टेंबर २०२२ पासून हे काम कोर्टाकडून कलेक्टरकडे गेलंय.) अर्ज निकाली काढायला कायद्यानं दोन महिने. आता गणित मांडा : २८ डिसेंबरला अर्ज गेला तर फेब्रुवारीअखेर आदेश, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाआधी जेमतेम दोन आठवडे हातात. दत्तक संस्थेनं फाइल १५ जानेवारीपर्यंत ठेवली तर मुदतच १५ मार्चला संपते, म्हणजे वाढदिवस उलटून तीन दिवस. तेव्हा संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष दोघांच्या मागे लागा, दाखल केल्याची पोच मागून घ्या.

मधल्या दिवसांना वार्षिक रजा लावा. आदेश उशिरा आलाच तर बालसंगोपन रजा आहे : पूर्ण नोकरीत मिळून ३६० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत.

टपालहंशील :
यजमानांचं वेगळं. त्यांना केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांचे सीसीएस रजा नियम लागू, त्यातल्या नियम ४३-एए खाली १५ दिवस, दत्तकापासून सहा महिन्यांच्या आत. मूल एक वर्षाखालचं आणि हयात अपत्यं दोनपेक्षा कमी हवीत. सिव्हिलच्या महिला कर्मचाऱ्यांना फॉस्टर केअरमध्ये बाळ घेतल्यापासूनच रजा मिळते. तुमच्या युनिटमधला घोळ बहुधा तिथूनच आलाय.

हेडक्लार्क_निवृत्त :
रजा मंजूर झाली तरी ती पार्ट टू ऑर्डरवर (युनिटच्या अधिकृत नोंद-आदेशावर) चढेपर्यंत पगाराच्या हिशेबाला दिसत नाही. आधी दत्तकाची नोंद, मग रजेची. क्रम उलटला की कागद परत येतो. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर : पेबुकात माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आदेशात तिसरंच स्पेलिंग. काराच्या कारिंग्ज पोर्टलवर रेफरल स्वीकारण्याआधीच नाव जुळवा, नंतर आदेशात दुरुस्ती म्हणजे पुन्हा कलेक्टर कचेरी. मग किंड्रेड रोलमध्ये (जवानाच्या कुटुंबीयांच्या नोंदीत) बाळाचं नाव घालून घ्या.

रानजाई :
आभारी आहे. नात्यातलं मूल हिंदू दत्तक कायद्यानं घेतलं तर कलेक्टर लागतो का? मैत्रिणीसाठी विचारतेय.

जुनी_पलटण :
त्या १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं नाही लागत. तिथं प्रत्यक्ष देणं-घेणं झालं की दत्तक होतं. पण पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलेला कागद युनिटपुढे टिकत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं दत्तकपत्र हवं, त्यावर देणाऱ्या-घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सह्या, देण्या-घेण्याची तारीख आणि मैत्रिणीच्या नवऱ्याची संमती स्पष्ट लिहिलेली.