मदत हवी आहे: पी०१७१ कोड. ऑक्सिजन सेन्सर बदलू की आधी हवेची गळती शोधू?

मंडळी, गाडी पेट्रोलची, चार सिलिंडर, टर्बो नाही, एअर फिल्टरच्या पुढे एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे. चेक इंजिनचा दिवा लागून राहतो, लुकलुकत नाही. स्कॅनरवर एकच कोड येतो: पी०१७१, म्हणजे बँक १ चं (सिलिंडरच्या पहिल्या रांगेचं) मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सिग्नलला थांबलं की इंजिन थरथरतं, आरपीएम खालीवर होतो. हायवेला मात्र पिकअपची काही तक्रार नाही.

कोड मुद्दाम पुसलेला नाही, कारण त्यासोबत फ्रीझ फ्रेमही (कोड पडला त्या क्षणाची नोंद) उडते. त्यात दिसतंय की कोड पडला तेव्हा इंजिन तापलेलं होतं आणि गाडी उभी होती. लाइव्ह डेटा असा (ट्रिम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय; आयडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू इंजिन):

आयडलला शॉर्ट टर्म ट्रिम +७, लाँग टर्म +१९
२५०० आरपीएमला शॉर्ट टर्म +१, लाँग टर्म +५

गॅरेजमध्ये सांगितलं, पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा) गेलाय, बदलून टाका. मला हे पटत नाही. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की त्याचं व्होल्टेज ०.८ च्या वर जातं, सोडला की ०.१ पर्यंत उतरतं. सेन्सर मेलेला असता तर इतका चपळ हलला असता का? शिवाय तो खोटं बोलत असेल तर २५०० लाही बोलला असता.

ब्रेक बूस्टरचा पाइप आणि एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून, पिळून पाहिला, चीर नाही. आता कुठे शोधू? कार्ब क्लीनर फवारून पाहावं का? जाणकारांनी कृपया सांगा, उगाच चांगला सेन्सर काढून टाकायचा नाहीये.

प्रतिसाद:
सेन्सरला हात लावू नका. आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यामुळे फटीतून शिरणारी थोडी हवाही मोठा वाटा ठरते. आरपीएम वाढला की तो वाटा नगण्य होतो, म्हणून तुमचा ट्रिम उतरतोय. पेट्रोलचा पंप किंवा पेट्रोलचा फिल्टर कमजोर असता तर उलट झालं असतं, लोड वाढेल तसा ट्रिम चढला असता. एमएएफ आहे हे लिहिलंत ते बरं केलंत. नुसत्या एमएपीवर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा सेन्सर) चालणाऱ्या गाडीत अशी गळती सेन्सरच्या हिशोबात येते, तिथे बहुधा आयडलच वाढतं.

क्लीनर फवारू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर भडका उडू शकतो. आधी पर्ज व्हॉल्व्हकडून (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) मॅनिफोल्डला येणारा पाइप काढा आणि मॅनिफोल्डचं तोंड बंद करून ट्रिम बघा. लगेच उतरला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. नाही उतरला तर पीसीव्हीचा पाइप (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणारा) तपासा, विशेषतः खालची बाजू. तिथे रबर तेलाने मऊ होऊन फाटतं आणि वरून काही दिसत नाही. तरीही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट (हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

एक गोष्ट मात्र तपासाच: थंड इंजिन सुरू करताना एक्झॉस्टकडून टिकटिक ऐकू येते का? सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. तोही प्रकार आयडललाच जास्त दिसतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार! टिकटिक नव्हती, पर्ज व्हॉल्व्हही ठीक निघाला. स्मोक टेस्टमध्ये धूर पीसीव्ही पाइपच्या कोपरातून, अगदी खालून आला. बोटाने दाबलं की चीर उघडत होती. नवीन पाइप बसवला, थरथर थांबली. आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज आता +४ च्या आसपास आहे. कोड पुसू की आपोआप जाईल?

प्रतिसाद:
राहू द्या. सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करणं म्हणजे एक) दोष दिसला नाही की दिवा स्वतःच विझतो. पुसलात तर रेडिनेस मॉनिटरही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी) शून्यावर जातील, आणि दुरुस्ती खरंच टिकली का हे कळायला उशीर होईल.