नदी लांब, तरी फरशीतून पाणी: सखल भागातलं घर घ्यावं का?

पाणवठा

गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एका जोडप्याने विचारलं, "बर्कशायरमध्ये लॅम्बर्न नदीच्या खोऱ्यात घर पाहिलंय. नदी लांब आहे, नकाशात फ्लड झोन १, म्हणजे सगळ्यात कमी धोका. हरकत नाही ना?" दहा मिनिटांत आठ जणांनी "बिनधास्त घ्या" म्हणून कळवलं. मला राहवलं नाही. तिथे लांब लिहिता येत नाही म्हणून इथे, या चर्चामंचावर लिहितोय.

ते फ्लड झोन नदीच्या आणि समुद्राच्या पुराचे आहेत. जमिनीखालून येणारं पाणी त्यात धरलेलंच नाही. आणि बर्कशायर, हॅम्पशायर, ससेक्स, चिल्टर्न या पट्ट्यात जमिनीखाली खडू आहे, शाळेतल्या खडूसारखाच पांढरा खडक. त्याच्या भेगांमध्ये पाणी साठायला जागा अगदी थोडी, खडकाच्या एक-दोन टक्के. त्यामुळे थोडं जास्त पाणी मुरलं की भूजलाची पातळी भराभर चढते. टेकड्यांखाली ती एका हिवाळ्यात वीस-तीस मीटर वर येते. उन्हाळ्यातला पाऊस झाडं पितात, ऊन पितं. ऑक्टोबर ते मार्च मात्र झाडं झोपलेली, ऊन नावाला, माती आधीच भिजलेली. पडेल ते खाली जातं, आणि सखल जागी वर येतं.

आमच्या आजोळी, कोकणात, भर पावसाळ्यात घराच्या जमिनीतून पाणी यायचं. त्याला उपळ फुटली म्हणायचे. इथे ती हिवाळ्यात फुटते, एवढाच फरक.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात आम्ही अशाच एका खडूच्या खोऱ्यात भाड्याने राहत होतो. इंग्लंड-वेल्सच्या पावसाची नोंद १७६६ पासूनची आहे. तोवर तिच्यात इतका ओला हिवाळा नव्हता. सगळा जानेवारी आम्ही धास्तीने दाराकडे बघत काढला. पाणी आलं फेब्रुवारीत, स्वयंपाकघराच्या फरशीच्या सांध्यांतून. स्वच्छ, गार, पिता येईल असं पाणी. दारात रचलेल्या वाळूच्या पिशव्या तिथेच कोरड्या पडून होत्या. त्याहून वाईट संडासाचं. सांडपाण्याच्या जुन्या पाइपांत भूजल शिरून ते गच्च भरले, आणि सोडलेलं पाणी उलटं वर यायला लागलं. रस्त्यावर मैला उपसणारे टँकर रात्रंदिवस घरघरत होते. नदीचा पूर चार-आठ दिवसांत उतरतो. हे पाणी आमच्याकडे सहा आठवडे होतं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला आम्ही मित्राकडे ठेवलं होतं.

माझं स्पष्ट मत असं: खोऱ्याच्या तळातली जागा पाण्याची आहे. तिथे नवी घरं बांधायला परवानगी मिळू नये, आणि ज्यांना निवड आहे त्यांनी तिथे घर घेऊ नये. भिंती बांधून आणि गाळ उपसून हे पाणी थांबत नाही.

रेडिंगवासी

तुमच्यावर जे गुदरलं त्याचं वाईट वाटतं, पण निष्कर्ष पटला नाही. "ज्यांना निवड आहे" म्हणजे नक्की कोण? टेकडीवरच्या घराला आणि तळातल्या घराला किमतीत किती अंतर आहे ते तुम्हाला माहीत आहे. दोन पगार, एक मूल, व्हिसाचा खर्च. या लोकांना परवडतं ते घर तळातच असतं. ऑक्सफर्ड, रेडिंग, मेडनहेड ही अख्खी शहरं नदीकाठी वसली आहेत. उठवणार का सगळ्यांना?

शिवाय अभियांत्रिकी काम करते. मेडनहेड, विंडसर आणि ईटनसाठी ज्युबिली नदी खणली, ती २००२ मध्ये पूर्ण झाली. नाव नदीचं, आहे तो थेम्सच्या पुराचं पाणी वळवायला माणसांनी खणलेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा कालवा. २०१४ च्या त्याच हिवाळ्यात मेडनहेडमधली शेकडो घरं तिच्यामुळे कोरडी राहिली. माझ्या बहिणीचं घर त्यातलं एक. आणि विम्याचं म्हणाल तर २०१६ पासून फ्लड री ही योजना आहे. घरांचा विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्या त्यात पैसे भरतात, म्हणून धोक्याच्या जागेतल्या घरालाही परवडेल असा हप्ता मिळतो. तरुण लोकांना घाबरवून भाड्याच्या घरात आणखी दहा वर्षं ठेवायचं, यात त्यांचं कोणतं भलं आहे?

थेम्सकाठ

ज्युबिलीचं कौतुक आमच्या गावात येऊन करा. मी रेझबरीत राहते. ज्युबिलीचं पाणी जिथे परत थेम्समध्ये सोडतात त्याच्या खालच्या अंगाला. जानेवारी २००३ मध्ये ती पहिल्यांदा वापरली आणि आमच्याकडे पाणी, २०१४ च्या फेब्रुवारीत पाणी, जानेवारी २०२४ मध्ये हेंक वादळानंतर पुन्हा पाणी. ज्युबिलीमुळे आमचा पूर वाढला हे सरकारी अभ्यासांना मान्य नाही, आणि मी काही तज्ज्ञ नाही. पण डॅचेटपासून रेझबरीपर्यंत कालवा काढून आम्हालाही तसंच संरक्षण द्यायचं ठरलं होतं. २०२० मध्ये स्थानिक कौन्सिलला आपला वाटा उचलता येईना म्हणून तो तुकडा योजनेतूनच वगळला. खालच्या अंगाचे, सरे परगण्यातले कालवे योजनेत राहिले. म्हणजे वरच्यांना कालवा आहे, खालच्यांना मिळणार आहे, मध्ये आम्ही.

पाणवठांना माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. "पाण्याची जागा पाण्याला सोडा" हे वाक्य मी चार सभांमध्ये ऐकलंय. दर वेळी बोलणाऱ्याचं घर दुसरीकडे होतं.

पाणवठा

थेम्सकाठ, हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण मी म्हणतोय ते *नव्या* घरांबद्दल. रेडिंगवासी, फ्लड रीमध्ये १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं घर बसत नाही. मुद्दामच बसवलेलं नाही, बिल्डरांनी पुराच्या जागी बिनघोर बांधू नये म्हणून. तरी बिल्डर बांधतात आणि आपले लोक नवं कोरं घर म्हणून तेच घेतात. शिवाय योजना २०३९ पर्यंतच आहे. आज घेतलेलं मॉर्टगेज त्याच्या पुढे जाणार.

सॉमरसेटकर डॉक्टर

"गाळ उपसून थांबत नाही" या वाक्याला उत्तर देण्यासाठी खातं उघडलं.

मी सॉमरसेट लेव्हल्सच्या कडेला बरीच वर्षं प्रॅक्टिस केली. हा सगळा मुलूख भरतीच्या पातळीच्या खाली आहे. ग्लॅस्टनबरीच्या मठातल्या साधूंनी मध्ययुगात तो कोरडा करायला सुरुवात केली आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या चर खणून, बांध घालून, पंप चालवून माणसाने तो राखला. शेताशेतात पाण्याचे चर आहेत, त्यांना तिथले लोक 'रीन' म्हणतात. आपल्याकडे पाट राखायला माणूस असतो तशी ही व्यवस्था राखावी लागते. ती राखणं सोडलं की निसर्ग परत येतो असं नाही. परत येतो तो चिखल, आणि बुडते ती दुभत्या जनावरांची वैरण.

२०१४ च्या हिवाळ्यात मचेलनी गावाचं बेट झालं होतं. वाण्याचं सामान होडीने जायचं. मूरलंडचं गाव रिकामं करावं लागलं. माझ्या एका पेशंटने, वय ऐंशीच्या पुढे, मला विचारलं होतं की नदीतला गाळ वर्षानुवर्षं का काढला नाही. त्याच्या लहानपणी पॅरेट नदी दर काही वर्षांनी उपसायचे. मला उत्तर देता आलं नाही. पूर आल्यावर मात्र डच पंप आणले, आणि त्याच वर्षी पॅरेट आणि टोन या दोन नद्यांतून मिळून आठ किलोमीटरचा गाळ काढला. जे आधी "उपयोगाचं नाही" होतं ते नंतर कसं उपयोगाचं झालं? इथले शेतकरी हे विसरलेले नाहीत, आणि ते विसरावं असं मला वाटतही नाही.

लेव्हल्समध्ये तेव्हा आतून भिजलेली घरं दोनशेच्याही आत होती. लंडनहून पाहिलं तर तो हिशेबात न धरण्यासारखा आकडा. त्या घरांमध्ये मी गेलो आहे. भिंतीचा प्लास्टर छातीपर्यंत फुगलेला, आणि आजी फोटो वाळत घालत होत्या.

जलआलेख

मी पाण्याच्याच कामात आहे, म्हणून थोडे आकडे. डॉक्टर, तुमचं दुःख खरं आहे आणि देखभाल हवी हेही खरं. पण त्या हिवाळ्यात लेव्हल्सवर सुमारे ६५ चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली होती आणि त्यावर अंदाजे साडेसहा कोटी घनमीटर पाणी उभं होतं. नदीचं पात्र कितीही खरवडलं तरी त्याची साठवण या मानाने चिमूटभर. पात्र मोठं केल्याने पाणी लवकर वाहून जातं, पण कुठे? पॅरेट ब्रिस्टलच्या खाडीत उतरते आणि तिथल्या भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. भरतीच्या वेळी नदीला बाहेर पडायला वाटच नसते. बराचसा गाळही वरून येत नाही, तो भरतीच आत आणून टाकते. काढा, काही वर्षांत परत. म्हणून मला तिथे गाळापेक्षा पंप, आणि ब्रिजवॉटरला बांधायला घेतलेला भरती रोखणारा दरवाजा जास्त महत्त्वाचा वाटतो. वरच्या बाजूला पाणी अडवणंही. यॉर्कशरमध्ये पिकरिंगच्या वर ओढ्यांत ओंडक्यांचे झिरपते बांध घातले आहेत. आपल्या वनराई बंधाऱ्याची आठवण यावी असे.

आता मूळ प्रश्न, खडूचा. इथे गाळ, भिंत, ओंडके सगळं निरुपयोगी, कारण पाणी नदीतून येतच नाही. पाणवठांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती सांगतो. फरशीतून पाणी येत असताना घाबरून मोठा पंप लावून तळघर एकदम रिकामं करू नका. बाहेर भिंतीला भिजलेल्या जमिनीचा दाब असतो, आतलं पाणी गेलं की तो तोलायला काही उरत नाही, भिंत आत येऊ शकते. फरशीखाली खड्डा, त्यात आपोआप चालू होणारा पंप, जमिनीला लाद्या, विजेचे प्लग वर, आणि सांडपाण्याच्या पाइपला उलटं पाणी रोखणारी झडप. भूजलाच्या घरात एवढंच करता येतं. दाराच्या फळ्या विकणाऱ्यांना या कामासाठी पैसे देऊ नका.

आणि हो, हे पाणी अचानक येत नाही. ससेक्समध्ये चिलग्रोव्हच्या विहिरीतली पातळी १८३६ पासून मोजतात. अशा विहिरी बघून कित्येक आठवडे आधी कळतं. नदी हे करू देत नाही.

पंचगंगा

मी कोल्हापूरची, सध्या लीड्सला. आमचा पूर पावसाळ्यातला आणि नदीचा, त्यामुळे तुलना ओढूनताणून करत नाही. पण "तळ सोडा" म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा दिल्या. तरी गाव बरंचसं जागेवरच राहिलं, कारण मळीची जमीन, म्हशी, देव सगळं खाली. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला पुन्हा आलं. माझी मावशी दोन्ही वेळा बोटीतून बाहेर आली आणि दोन्ही वेळा परत गेली. तिला अडाणी म्हणू नका.

निळ्या आणि लाल पूररेषा आमच्याकडेही आहेत. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी, शंभर वर्षांच्या पुराची लाल. रेषा नकाशावर आखणं सोपं. निळ्या रेषेच्या आत बंगल्याचे प्लॉट पाडणाऱ्यावर कारवाई होते का, ते बघा. पाणवठा, तुमचा राग बिल्डरवर आणि परवानगी देणाऱ्यावर असेल तर मी तुमच्या बाजूने. घर घेणाऱ्या पोरांवर असेल तर नाही.

रेडिंगवासी

पंचगंगाताईंनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. फ्लड रीबद्दल २००९ ची अट मी विसरलो होतो, ते मान्य. पण लॅम्बर्नमधलं ते घर जुनं आहे की नवं? यावर सगळं अवलंबून.

पाणवठा

राग घर घेणाऱ्यांवर नाही. "बिनधास्त घ्या" म्हणणाऱ्यांवर होता, आणि थोडा स्वतःवरही, कारण २०१३ मध्ये मीही फक्त नदी किती लांब ते पाहिलं होतं. मचेलनीसारख्या गावाला मी ऊठ म्हणणार नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचल्यावर तर नाहीच. पण कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी नवी चाळीस घरं मंजूर होतात तेव्हा माझा विरोध कायम आहे. त्या भागात विंटरबोर्न नावाची गावं आहेत. नावाचा अर्थच हिवाळ्यात वाहणारा ओढा. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना ठाऊक होतं.

त्या जोडप्याला माझं एवढंच सांगणं: कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज व्हायच्या, म्हणजे व्यवहार कायद्याने पक्का व्हायच्या आत शेजाऱ्यांची दारं वाजवा. २००१ आणि २०१४ ला काय झालं ते विचारा. टँकर येऊन उभे होते का, हे नक्की विचारा. सॉलिसिटरला, म्हणजे व्यवहाराच्या वकिलाला, भूजलाच्या धोक्याची वेगळी चौकशी (सर्च) करायला सांगा. विम्याचा आकडा आधी लेखी घ्या, मग सही.

नवे घरमालक (होऊ पाहणारे)

तो प्रश्न आमचाच होता. घर १९३० च्या आसपासचं आहे. शनिवारी जाऊन शेजारच्या आजींचं दार वाजवलं. त्यांनी चहा दिला आणि तळघर उघडून दाखवलं. पंप तिथे कायमचा बसवलेला आहे, वीज गेली तर चालावा म्हणून शेजारी बॅटरी, आणि भिंतीवर पेन्सिलने रेघा: २००१, २०१४, २०२४. सगळ्यात वरची २०१४ ची, माझ्या गुडघ्याच्या वर. "फेब्रुवारीत चहाला या," म्हणाल्या, "मग ठरवा."

विकणाऱ्याने आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. घर अजून सोडलेलं नाही. एजंटला सांगितलंय की फेब्रुवारी जाऊ दे, मग पुन्हा येऊन बघू, आणि किंमत तेव्हा बोलू. तो म्हणतो तोवर दुसरं कोणी घेईल. घेऊ दे. त्यांनाही आजींचं दार वाजवायला सांगा म्हणून कळवलंय.